तारेवरचं मूल, खाली उभे आपण

वज्रेश्वरीला मुलाबाळांसह येणाऱ्या आईबाबांनो, आज देवीबद्दल नाही, तारेबद्दल थोडं बोलायचं आहे. शिरसाड फाट्याकडून किंवा अंबाडीकडून तुम्ही रविवारी येता. बावन्न पायऱ्या चढता, पायरीवरच्या कासवाला हात लावता, दर्शन घेता, अकलोलीच्या कुंडात पाय शेकता. मग मुलं विचारतात, "आता काय?" पूर्वी या प्रश्नाला भेळ हे उत्तर पुरायचं. आता शहराबाहेर अशा कुठल्याही पट्ट्यात गेलात तरी वॉटर पार्क असतात, रिसॉर्ट असतात आणि त्यांच्या एखाद्या कोपऱ्यात दोरांचे खेळ. त्यातला मुलांचा लाडका खेळ म्हणजे झिपलाइन. शाळेच्या सहलीच्या कागदावरही हल्ली हा शब्द दिसू लागला आहे.

मी गिर्यारोहण क्लबात दोर हाताळायला शिकले आणि पुढे मुलांच्या शिबिरांत तेच काम करत राहिले. पट्टे चढवायचे, हुक तपासायचे, मुलाला माचाणावरून सोडायचं. त्यामुळे खाली उभ्या पालकांचं बोलणं पुष्कळ कानावर पडलं आहे. "एका माणसाचे किती?" "तिघांना मिळून काही कमी होईल का?" "व्हिडिओ तुम्ही काढता का आम्ही काढायचा?" आणि मूल वर पोचलं की मान वर करून, "घाबरायचं नाही हं! ब्रेव्ह बॉय ना तू?" म्हणजे ज्याने तार बांधली त्याच्याकडे भावाची चौकशी आणि ज्याच्या कमरेला पट्टा बांधलाय त्याच्या धैर्याची परीक्षा. मला वाटतं, आपण इथेच गल्लत करतो. चौकशी त्या माणसाची व्हायला हवी. मुलाचं फक्त ऐकून घ्यायला हवं.

अकलोलीच्या कुंडाशी उभ्या असलेल्या एखाद्या आईकडे बघा. लेकराला पाण्यात उतरवण्याआधी ती स्वतःचा पाय घालते, चटका बसतो का बघते, मग लेकराचं पाऊल बुडवते आणि त्याच्या तोंडाकडे बघत राहते. तिला कुणी भित्री म्हणत नाही. कुंडावरच्या पाटीवर काय लिहिलंय यावर ती विसंबत नाही आणि "तू शूर आहेस ना, मार उडी" असंही म्हणत नाही. हीच आई तासाभराने त्याच मुलाला तीस फूट उंच माचाणावर एका अनोळखी तरुणाच्या स्वाधीन करते आणि मोबाइल काढते.

म्हणून पहिल्यांदा हा खेळ कसा चालतो ते सांगते. तो कळला की काय विचारायचं ते आपोआप सुचतं.

उंच जागेवरून सखल जागेपर्यंत ताणलेली पोलादी तार, तिच्यावर धावणारी कप्पी, कप्पीला अडकवलेला पट्टा आणि पट्ट्यात माणूस. मोटार नाही, इंजिन नाही. उतार आणि वजन, एवढ्यावर सगळं चालतं. तार मध्ये थोडी झोळलेली असते, त्यामुळे सुरुवातीला वेग चढतो आणि पलीकडच्या टोकाकडे उतरतो. जो उरतो तो ब्रेकने थांबवायचा. कुठे स्प्रिंग असते, कुठे तारेवर सरकणारा ठोकळा, कुठे चामडी हातमोजा घातलेला माणूस. ही युक्ती काही करमणुकीसाठी निघालेली नाही. नेपाळात नदी ओलांडायला गावकरी अशीच तार वापरत आले आहेत. तिला ते तुइन म्हणतात, आणि तिच्यावरून मुलं शाळेत जात. कोस्टा रिकाच्या जंगलात 1970 च्या दशकात झाडांच्या शेंड्यांचा अभ्यास करणारे शास्त्रज्ञ दोरांवरून हिंडू लागले. त्यातून पुढे पर्यटकांचा खेळ उभा राहिला. आपल्या सह्याद्रीतले गिर्यारोहकही दोन कड्यांमध्ये दोर बांधून पलीकडे जात आले आहेत. आमच्यात त्याला व्हॅली क्रॉसिंग म्हणतात. पण तिथे दोरावर जाणाऱ्याला प्रत्येक गाठ स्वतः बांधता येत असते. तुमच्या मुलाला ती येत नाही. त्याच्या वतीने ती कुणीतरी बघायला हवी.

पालक जेव्हा काही विचारतात तेव्हा बहुधा विचारतात, "तार तुटणार नाही ना?" विचारा, बिघडत नाही. पण बोटाएवढ्या जाडीची चांगली पोलादी तार काही टन वजन पेलते. तुमच्या वीस किलोच्या चिरंजीवांनी ती तुटत नाही. अपघात होतात ते तारेच्या टोकांशी, पट्ट्यात, हुकात, आणि सगळ्यांत जास्त धोका असतो तो हुक लागण्याच्या आधीच्या आणि सुटल्यानंतरच्या अर्ध्या मिनिटात.

एप्रिल 2025 मध्ये पुण्याजवळ भोर तालुक्यातल्या एका पार्कमध्ये 28 वर्षांची तरुणी सुमारे तीस फुटांवरून पडून गेली. ती तारेवरून घसरत नव्हती. खेळ अजून सुरूच झालेला नव्हता, वर हुक लावण्याची तयारी चालली होती. त्यानंतर दोनच महिन्यांनी नागपूरच्या एका कुटुंबाची शाळकरी मुलगी मनालीत झिपलाइनवर असताना पट्टा तुटून खाली कोसळली. जीव वाचला, पायाला जबर दुखापत झाली. तिचा व्हिडिओ तुमच्यापैकी अनेकांनी बघितला असेल, पुढेही पाठवला असेल. एका ठिकाणी माचाणावरचं काम, एका ठिकाणी पट्टा. दोन्ही वेळा तार जिथल्या तिथे होती.

तेव्हा माचाणाच्या कडेकडे बघा. तिथे कठडा आहे का? मूल वर पोचल्या पोचल्या त्याला कठड्याशी किंवा खांबाशी बांधून घेतात का, की तसंच मोकळं रांगेत उभं करतात? आमच्या क्लबात याला सेल्फ अँकर म्हणतात आणि तो न लावता कड्याजवळ गेलेल्या माणसाला, मग तो कितीही जुना असो, सगळ्यांदेखत बोलणी खावी लागतात. चांगल्या ठिकाणी मुलाच्या पट्ट्याला दोन दोऱ्या असतात. एक तारेला लागल्याशिवाय दुसरी खांबावरून सुटत नाही. हे बघायला शिक्षण लागत नाही, फक्त खाली उभं राहून दोन मुलं जाईपर्यंत थांबावं लागतं. मुलाला रांगेत लावण्याआधी तेवढं थांबा.

आता पट्टा. इथे जरा सविस्तर बोलते, कारण लहान मुलांच्या बाबतीत सगळ्यांत मोठी चूक इथे होते. मोठ्या माणसाचा हार्नेस कमरेला आणि दोन्ही मांड्यांना बसतो. तो कमरेच्या हाडावर टेकतो, म्हणून खाली-वर सरकत नाही. सहा-सात वर्षांच्या मुलाला तशी कंबर नसतेच. छातीपासून मांडीपर्यंत एकसारखी सरळ पट्टी. त्यात डोक्याचं वजन वर. असं मूल घाबरून मागे झुकलं किंवा उलटं झालं तर कमरेचा पट्टा घसरून निघू शकतो. म्हणून लहान मुलांना खांद्यावरून येणारा, छाती आणि कंबर दोन्ही धरणारा फुल बॉडी हार्नेस हवा. "लहानांसाठी वेगळा हार्नेस आहे का?" हा प्रश्न विचारा आणि उत्तरापेक्षा त्या माणसाच्या चेहऱ्याकडे बघा. ज्याला प्रश्न कळतो तो लगेच आत जाऊन घेऊन येतो. ज्याला कळत नाही तो म्हणतो, "मॅडम, रोज शंभर पोरं जातात."

पट्टा हातात घेऊन बघायला कुणी मनाई करत नाही. शिवण उसवलेली आहे का, कडा केसाळ झाल्यात का, मूळचा लाल रंग उन्हाने फिका गुलाबी झालाय का. हे पट्टे नायलॉनचे किंवा पॉलिस्टरचे असतात, उन्हाने त्यांची ताकद जाते. आतल्या बाजूला एक चिठ्ठी शिवलेली असते, तिच्यावर बनवणाऱ्याचं नाव, मानांकनाची खूण आणि तयार केल्याचं साल असतं. चिठ्ठीच नसेल किंवा काही वाचता येत नसेल तर तो पट्टा किती पावसाळे जुना आहे हे त्या मालकालाही सांगता येणार नाही. हुकाचं म्हणाल तर त्याचं तोंड फिरवून बंद करायची सोय असते. ती फिरवलेली आहे का ते बोटाने दाबून बघायचं, दाबून उघडता कामा नये. हेल्मेटचा पट्टा हनुवटीखाली घट्ट. केस बांधलेले, ओढणी काढलेली, गळ्यातलं, हातातलं आईच्या पर्समध्ये. कप्पी फिरते तेव्हा लोंबणारी कुठलीही गोष्ट ओढून घेते.

वजनाची मर्यादा सगळ्यांना जास्तीत जास्त किती एवढीच माहीत असते. कमीत कमी किती, हेही विचारा. हलकं मूल पलीकडे पोचतच नाही, मध्ये थांबतं आणि थोडं मागे येऊन लटकत राहतं. मग त्याला आणायला कोण जाणार, कसं जाणार? ज्या ठिकाणी याचं ठरलेलं उत्तर आहे, दोर टाकून ओढायचं की माणूस तारेवरून जायचा, तिथे खुशाल पाठवा. "असं होत नाही" हे उत्तर नव्हे. पट्ट्यात फार वेळ लटकणं मोठ्या माणसालाही सोसत नाही. आणि पाऊस असेल, वारा सुटला असेल, विजा चमकत असतील तर विचारायचंच नाही, परत फिरायचं. ओल्या तारेवर हाताचा ब्रेक नीट लागत नाही.

हे सगळं वाचून तुमच्यातले काही म्हणतील, मग नकोच ती भानगड. हे सगळं मी तुम्हाला घाबरवायला सांगत नाहीये. तुम्ही हो म्हणावं म्हणूनच सांगते आहे, पण बघून म्हणा. जे मूल कधीच उंचावर चढलेलं नाही, ज्याला स्वतःच्या छातीतली धडधड ओळखीची नाही, ते मोठेपणी एकतर कशालाच हात लावत नाही नाहीतर नको तिथे उडी मारतं. उंचीची भीती आणि ती सांभाळून टाकलेलं पाऊल हे शिकायला माचाण चांगली जागा आहे. वज्रेश्वरीच्या चैत्रातल्या जत्रेत आकाशपाळण्यात बसून आपणही ते शिकलोच.

या देवळाची गोष्ट तुम्ही मुलांना सांगत असालच. चिमाजीअप्पा वसईच्या मोहिमेवर निघाले, देवीला नवस बोलले, वसई आली आणि हे देऊळ उभं राहिलं. किल्ल्यासारखे बुरूज आणि पायऱ्यांची चढण असलेलं. गुंजचं जुनं देऊळ पोर्तुगिजांनी पाडलेलं होतं, त्या देवीला इथे जागा मिळाली. पोर्तुगिजांकडे वसई 1534 पासून होती. ती 1739 च्या मे महिन्यात मराठ्यांनी घेतली. या गोष्टीत मुलांना सगळ्यांत आवडतो तो अप्पांच्या तोंडी घातलेला त्वेष, की किल्ला येत नसेल तर माझं डोकं तरी तोफेला बांधून आत पाडा. आपणही हात उंचावून सांगतो. ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा येतो.

पण त्याच गोष्टीचा दुसरा भाग आपण गाळतो. वसई त्वेषाने आली नाही, म्हणजे नुसत्या त्वेषाने आली नाही. मोहीम 1737 मध्ये सुरू झाली. आधी ठाणं घेतलं, अर्नाळा घेतला, आसपासची ठाणी एकेक करून तोडली. मग तटाला भिडून वेढा पडला, महिनोन्‌महिने खंदक खणले, तटाखाली सुरुंग पोचवले. वेढ्यात मल्हारराव होळकर, राणोजी शिंदे, मानाजी आंग्रे अशी माणसं होती. निकराच्या हल्ल्याच्या वेळी सगळे सुरुंग एकदम उडाले नाहीत. काही मागाहून उडाले आणि पहिल्या धमाक्यानंतर खिंडारात घुसलेली आपलीच माणसं त्यात सापडली. धैर्य त्यांच्याकडे कमी नव्हतं. बत्ती कुठली लागली आणि कुठली लागायची आहे, हा हिशेब चुकला.

मुलांना दोन्ही सांगा. दहा-बारा वर्षांच्या मुलाला हा भाग पहिल्यापेक्षा जास्त आवडतो, असा माझा अनुभव आहे. तो लगेच विचारतो, "मग त्यांनी मोजले का नाहीत?" हाच प्रश्न त्याने माचाणावर विचारावा असं आपल्याला वाटत नाही का?

आणि मुलं विचारतातही. ते ऐकायला आपण तिथे नसतो, खाली असतो. कडेला आलेलं मूल गप्प होतं. बुटाच्या आत बोटं आवळतं. एक हात आपल्या हुकावर, दुसरा माझ्या बाहीवर. मग हळूच म्हणतं, "ताई, हे निसटलं तर?" साऱ्या गर्दीत नेमका प्रश्न, योग्य माणसाला, योग्य वेळी विचारणारं ते एकटंच असतं. यावर हसायचं नाही. मी त्याचा हात धरून हुकावर ठेवते, तोंड फिरवायला लावते, दाबून बघायला सांगते, दुसरी दोरी दाखवते आणि ही कशासाठी असं त्यालाच विचारते. बहुतेक मुलं बरोबर सांगतात. त्यानंतर काही जातात, काही जात नाहीत. खालून मात्र ओरडा सुरू असतो, "अरे जा ना! मागे लाइन लागलीये! बघ, ताई तुझ्याहून लहान होती तरी गेली!"

आईबाबांनो, त्या वेळी गप्प बसा, ही कळकळीची विनंती. "मुलगा ना तू?" हे वाक्य तर कुठल्याच माचाणाखाली ऐकू येऊ नये. मुलगा असला म्हणून त्याच्या पोटात गोळा येत नाही असं नाही. उलट मुलींच्या बाबतीत दुसरीच तऱ्हा दिसते. भाऊ दोनदा जाऊन येतो आणि तिला सांगितलं जातं, "तू नको, तुला लागलं तर?" लागायचं असेल तर दोघांनाही लागेल, पट्टा दोघांचा एकच आहे. आमच्या शिबिरात केसांचा घट्ट अंबाडा घालून सगळ्यांत आधी पुढे येणाऱ्या बहुतेक वेळा मुलीच असतात. मात्र घरचं कुणी सोबत असलं की त्याच मागे सरकतात.

जे मूल नाही म्हणतं त्याला पायऱ्यांनी खाली उतरू द्या. खाली आल्यावर काय करायचं? काही नाही. पाणी द्या. कारण विचारू नका, पैसे वाया गेले म्हणू नका आणि रात्री आजीला फोनवर रंगवून सांगू नका. तुमच्या लेखी ती गंमत असते. मुलाला मात्र कळतं की नाही म्हटलं तर घरात त्याची गोष्ट होते. पुढे केव्हातरी त्याला याहून मोठ्या माचाणावर कुणीतरी उभं करणार आहे. मित्रांची मोटारसायकल असेल, धरणाचं पाणी असेल, कुणी पुढे केलेला पेला असेल. तेव्हा "नाही, मी उतरतो" हे म्हणायची सवय त्याला इथेच लागली असेल तर तिकिटाचे पैसे वसूल झाले. आणि खेळ चालवणाऱ्या दादाला आधीच सांगून ठेवा, ढकलायचं नाही. काही ठिकाणी गमतीने पाठीवर थाप मारून सोडतात. मूल स्वतः पाय उचलेल तेव्हाच ते सुटलं पाहिजे.

उलट्या स्वभावाचीही मुलं असतात, त्यांच्याबद्दल कुणी बोलत नाही. पट्टा बांधायच्या आधीच कडेला पळतात, दोन्ही हात सोडतात, उलटं लटकू का विचारतात. त्यांचं कौतुक होतं आणि ती जास्तच सुटतात. अशा मुलाला शूर म्हणू नका. त्याला काम द्या. पुढच्या मुलाचा हुक तपासायला सांगा. शिबिरात आम्ही हेच करतो आणि सगळ्यांत चोख तपासणी हीच मुलं करतात.

आता कागदपत्रांचं. हिमालयातल्या शिबिरात 2006 मध्ये मुलगा गमावलेल्या एका दाम्पत्याने मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका केली. अशा खेळांवर कुणाची देखरेख आहे का, एवढंच त्यांचं विचारणं होतं. त्यातून शासनाला नियम करावे लागले. 2014 मध्ये एक शासन निर्णय निघाला, 2018 मध्ये दुसरा. त्यावर गिर्यारोहकांनी बरीच हरकत घेतली, त्यात तथ्यही होतं, कारण क्लबाचा ट्रेक आणि धंद्याचा खेळ यांना एकाच मापाने मोजलं होतं. पुढे ऑगस्ट 2021 मध्ये राज्याचं साहसी पर्यटनाचं धोरण आलं. जमीन, पाणी आणि हवा अशा तिन्ही ठिकाणचे साहसी खेळ चालवणाऱ्यांनी पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करायची आहे. त्या आईबापांचं पोर काही परत आलं नाही. पण आज तुम्ही काउंटरवर "नोंदणी प्रमाणपत्र दाखवता का?" असं हक्काने विचारू शकता, त्यामागे ते दोघं आहेत. विचारलं की काउंटरवरचा मुलगा गोंधळतो, मग मॅनेजर येतो. येऊ द्या.

"होणाऱ्या इजेस आम्ही जबाबदार नाही" असं छापलेल्या कागदावर तुमची सही घेतात. सही करावी लागते, करा. पण हलगर्जीपणाची जबाबदारी अशा सहीने उडून जात नाही हे लक्षात असू द्या. तो कागद बघून गप्प बसणारे पालक त्यांना हवे असतात, म्हणून तर तो आधी पुढे करतात.

राहता राहिलं दृश्य. जाहिरातीत तेच असतं, आकाशातून बघा! जोधपूरला मेहरानगडाच्या तटाशी झिपलाइन आहे, खाली निळं शहर. संयुक्त अरब अमिरातीत रास अल खैमाजवळच्या जेबेल जैस डोंगरावर 2018 मध्ये सुरू झालेली तार पावणेतीन किलोमीटरहून लांब आहे, आणि आखातातल्या मराठी घरांतली मुलं सुट्टीत आली की तिचे व्हिडिओ दाखवतात. वसईच्या किल्ल्यावर अशी तार बांधली तर काय बहार येईल, असं मला एका उत्साही गृहस्थांनी सांगितलं होतं. खाली चर्चचे पडके अवशेष, पलीकडे खाडी! तो किल्ला राष्ट्रीय संरक्षित स्मारक आहे, अशा स्मारकापासून 100 मीटरपर्यंत नवं बांधकाम करायला कायद्याने बंदी आहे. आहे तेच बरं. आणि खरं सांगू का, पहिल्या फेरीत मुलाला काही दिसत नाही. डोळे मिटलेले तरी असतात नाहीतर पलीकडच्या माणसावर खिळलेले असतात. दृश्य दिसतं ते दुसऱ्यांदा, भीती थोडी बसल्यावर.

म्हणून आधी पायांनी दाखवा. देवळाच्या पायऱ्यांच्या वर उभं राहून तानसा कुठे आहे ते विचारा. ती पुढे वैतरणेला मिळते आणि वैतरणा अर्नाळ्याजवळ समुद्राला, म्हणजे मोहिमेतल्या त्याच अर्नाळ्याजवळ. मुलाला नदी, डोंगर आणि वसईची दिशा एकदा कळली की मग तो तारेवरून जाताना काहीतरी शोधत जातो. उतरल्यावर "मजा आली?" हे विचारण्याऐवजी "तानसा दिसली का?" विचारून बघा. उत्तर लांबलचक येतं.

शाळांच्या सहली हिवाळ्यात निघतात, कागद त्याच्या आधी येतात. त्यावर सही करण्याआधी वर्गशिक्षिकेला एक फोन करा आणि तीनच गोष्टी विचारा. त्या ठिकाणाची नोंदणी आहे का, लहान मुलांसाठी फुल बॉडी हार्नेस आहे का, आणि मूल नको म्हणालं तर त्याच्याजवळ थांबायला खाली एक शिक्षक असेल का. बाईंना उत्तरं माहीत नसतील तर त्यांना रागावू नका, त्यांनाही कुणी सांगितलेलं नसतं. चार पालकांनी विचारलं की शाळा त्या पार्कला विचारते, आणि शाळेने विचारलं की पार्क पट्टे बदलतो. तोवर झिपलाइनपुढे "नाही" लिहा, सहलीपुढे मात्र "हो" लिहा.